गादीवर झोपलात का?

"डिग्री हातभर, आणि प्रिंटर कुठून चालू करायचा ते मला विचारायचं. मी काय इथं कॉलेज काढलंय?"

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून काकू बोलत होत्या. पलीकडे त्यांच्याशिवाय दुसरं माणूस नव्हतं, त्यामुळे हे बोलणं बहुधा कॅल्क्युलेटरशी चाललं असावं. अलीकडे बसलेल्या एमबीएनं ते सगळं ऐकलं आणि ऐकू आलंय हे कळावं म्हणून खुर्ची जरा करकरवली. ते कळलं हे कळावं म्हणून काकू खोकल्या. गेले काही महिने दोघींची ऑफिसातली सकाळ अशीच उजाडत होती. यात राग कुणाच्याच मनात नव्हता. रागाला जेवढा जोर लागतो तेवढा त्या ऑफिसात कुणात उरलाच नव्हता.

ऑफिस गाद्यांच्या कारखान्याचं होतं. मागच्या शेडमध्ये गाद्या शिवल्या जात आणि पुढच्या खोलीत त्यांच्या ऑर्डरी घेतल्या जात. मधल्या दारातून कापसाचे तंतू तरंगत येत, कीबोर्डवर बसत, चहात पडत, आणि दुपारपर्यंत खोलीतल्या सगळ्यांच्या भुवया पिकल्यासारख्या दिसत. गिऱ्हाइकाचा फोन आला की काकू त्याचं नाव, पत्ता, फोन आणि गादीचा नंबर कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये भरत. गादीचा नंबर म्हणजे तिचं माप आणि जात. एक नंबर म्हणजे पाळण्यातली गादी. मग सिंगल कडक, सिंगल मऊ असं चढत चढत शेवटचा नंबर म्हणजे ऐसपैस डबल मऊ, जिच्यावर एक माणूस आडवा झाला की त्याला उठवायला दुसरा माणूस लागतो.

पूर्वी हे सगळं ऑर्डरबुकात असे. पण साहेब, म्हणजे कारखान्याचे मालक, कुठल्याशा समारंभातून 'पेपरलेस' हा शब्द घेऊन आले आणि त्याच आठवड्यात ऑर्डरबुकं रद्दीत गेली. काकूंनी ती नवी पद्धत आपलीशी केली ती अशी, की शीटमधले आकडे बघून बेरीज कॅल्क्युलेटरवर करायची आणि उत्तर खाली टाइप करायचं. आधीच्या एका पदवीधरानं त्यांना विचारलं होतं, की काकू, बेरीज कॉम्प्युटर करत असताना तुम्ही कशाला करता. त्यावर काकू म्हणाल्या होत्या, की त्यानं केलेली तपासायला मला परत करावीच लागणार, मग आधीच केलेली काय वाईट. तो पदवीधर पुढे टिकला नाही.

त्या ऑफिसात बाकी सगळं बोललं जाई, फक्त एक वाक्य कुणी बोलत नसे. कॉम्प्युटरचं काही निघालं की माणसं 'येतं' म्हणत, 'बघते' म्हणत, 'होऊन जाईल' म्हणत. 'येत नाही' असं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. खुद्द साहेबांना कुणी स्क्रीनवर काही दाखवायला बोलावलं, की ते खुर्चीमागे येऊन हात पाठीशी बांधून उभे राहत, बराच वेळ मान डोलावत, आणि "हं, फॉरमॅट चांगला आहे," असं म्हणून केबिनमध्ये जात. केबिनमध्ये त्यांचाही एक कॉम्प्युटर होता. त्याच्या कीबोर्डवरचं प्लास्टिकचं कव्हर कारखान्यातल्या कुठल्याही गादीच्या प्लास्टिकपेक्षा नवं होतं.

एमबीए या घरात अगदी शोभून दिसली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "एक्सेल?" ती म्हणाली होती, "ॲडव्हान्स्ड." साहेबांनी मान डोलावली होती आणि दोघांनीही तो विषय तिथंच सोडून दिला होता. कॉलेजात ती मोठमोठ्या कंपन्या का बुडाल्या याची कारणं शिकली होती. एखादी विमान कंपनी तिच्या हाती दिली असती, तर ती कुठं चुकतेय हे तिनं मुद्देसूद सांगितलं असतं. पण कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलला एका मशीनवर तिघी असत आणि माउस कायम मैत्रिणीच्या हातात असे. मैत्रीण हुशार होती, पटापट करायची, आणि बाकीच्या दोघी तिच्या खांद्यावरून बघत, वा, किती पटापट करतेस, असं म्हणायच्या. तिघींनाही सारखेच मार्क मिळाले होते.

आता तिची कच्ची नोकरी पक्की व्हायची वेळ आली होती. "शुक्रवारी बघू," असं साहेब म्हणाले होते. याआधीच्या दोन ठिकाणी तिला असंच 'बघू' म्हणाले होते आणि मग दुसरीकडे बघायला सांगितलं होतं. पहिल्या वेळी आईनं खोदून खोदून विचारलं होतं. दुसऱ्या वेळी थोडंसं विचारलं. आता आई काहीच विचारत नसे, फक्त जेवताना ताटात नेहमीपेक्षा थोडं जास्त वाढी. ते जास्तीचं संपवणं एमबीएला फार जड जाई.

गुरुवारी दुपारी साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी गाडी भरून गाद्या पोचवायच्या होत्या. त्यांनी शीटकडे बोट दाखवून सांगितलं, की हे गादीचे नंबर कसेही पडलेत, लहानाखाली मोठा, मोठ्याखाली लहान. जरा ओळीनं लाव. लहान आधी, मोठे नंतर. गाडी भरायला बरं पडतं.

"येईल ना?"

"हो साहेब."

"फक्त नंबर लाव हं. बाकी कशाला हात लावू नकोस."

एमबीएनं बराच वेळ शोधून ओळीनं लावायचं बटण काढलं. नंबरांचा रकाना निवडला, बटण दाबलं. त्यावर कॉम्प्युटरनं इंग्रजीत एक चौकट पुढं केली आणि अदबीनं विचारलं, की शेजारच्या रकान्यांनाही सोबत न्यायचं, की निवडलाय तेवढ्या एकाच रकान्याचं बघायचं? प्रश्न दोन वेळा वाचून तिला वाटलं, हा कॉम्प्युटर आपल्याला मोहात पाडतोय. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. दोन नोकऱ्या गमावलेलं माणूस एवढं तरी शिकतंच, की सांगितलंय त्यापेक्षा जास्त काही करू नये. तिनं एकाच रकान्याचं बघायला सांगितलं.

डोळ्याचं पातं लवतंय तोवर नंबर शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे ओळीत उभे राहिले. बुटके पुढं, उंच मागं. नावं, पत्ते, फोन आपापल्या जागी, कुणाच्या केसालाही धक्का नाही. तिनं साहेबांना बोलावलं. साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हं. फॉरमॅट चांगला आहे." मग काकूही उठून आल्या, त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि आपल्या हातानं त्या रकान्याला पिवळा रंग दिला, इतका तो त्यांना आवडला. शीट सेव्ह झाली, बंद झाली. त्या संध्याकाळी एमबीएनं ताटातलं सगळं संपवलं.

शुक्रवारी सकाळी साहेब आधुनिक व्यवस्थापनावरच्या एका व्याख्यानाला गेले. ड्रायव्हरनं शीट बघून गाडी भरली आणि निघाला. पहिला फोन आला तो व्यायामशाळेच्या मालकाचा. दंडाचं माप विचारलं तर शिंप्याची टेप पुरणार नाही, असा तो माणूस. त्यानं फार मनापासून आभार मानले. गादीबरोबर अशी मोफत उशी मिळते हे त्याला माहीतच नव्हतं. उशी मिळाली, छान आहे, आता गादी कधी येतेय तेवढं सांगा, असं तो म्हणाला. काकूंना काही कळलं नाही, पण कळलं नाही असं त्या म्हणणार नव्हत्या. "गाडी निघालीय," असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

दुसरा फोन एका बाईंचा होता. मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्यांनी नव्या जोडप्यासाठी सगळ्यात मोठी गादी सांगितली होती. आली होती ती सिंगल, आणि तीही कडक. "यातून आम्ही काय समजायचं?" असं त्या विचारत होत्या. तिसरा फोन निवृत्त मुख्याध्यापकांचा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गादी खोलीत गेली होती, पण आता दार उघडत नव्हतं, आणि ते स्वतः आत होते.

काकूंनी पार्टिशनवर टकटक केलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. दोघी एका स्क्रीनपुढं बसल्या.

"तूच बघ गं. तुला जास्त येतं," काकू म्हणाल्या.

"तुम्ही बघा ना काकू. तुमचा अनुभव आहे."

"अनुभव आहे, पण तुझं शिक्षण आहे."

माउस दोघींच्या मधोमध पडून राहिला. शेवटी काकूंनी त्याला हात न लावता नुसतं बोट स्क्रीनवर ठेवलं आणि वरून खाली ओढत आणलं. बोट शेवटच्या ओळीवर पोचलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"पहिल्या गिऱ्हाइकाला पाळण्यातली गादी, शेवटच्याला सगळ्यात मोठी," त्या हळूच म्हणाल्या. "बाई गं, माणसं कधी अशी मापानं फोन करतात का?"

काकूंनी भरलेल्या सगळ्या गाद्या शीटमध्ये होत्या. एक कमी नव्हती, एक जास्त नव्हती, फक्त जवळजवळ एकही आपल्या माणसाजवळ नव्हती. तिनं मागं नेणारा बाण शोधला. तो होता, पण फिकट पडलेला. फाइल काल एकदा बंद झाल्यावर त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानं काय झालंय ते न विचारताच बंद करून चालू करा असं सांगितलं. त्याप्रमाणे केलं. शीट परत आली ती जशीच्या तशी, पण विश्रांती घेतल्यासारखी टवटवीत. ऑर्डरबुकं रद्दीत गेली होती. कुणी काय मागवलं होतं हे आता फक्त मागवणाऱ्यालाच ठाऊक होतं.

आणि एक घोर होता. कारखान्याचा नियम असा, की प्लास्टिक काढून कुणी एकदा झोपलं की ती गादी परत घ्यायची नाही. म्हणजे कुणीही आडवं व्हायच्या आत सगळ्यांना गाठायला हवं होतं. काकूंनी वरच्या अर्ध्या ओळी घेतल्या, एमबीएनं खालच्या.

"काय सांगायचं पण?" एमबीएनं विचारलं.

काकूंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. काल रंग कुणी दिला आणि नंबर कुणी लावले, हे दोघींनाही माहीत होतं. आज शुक्रवार आहे, हेही. "सिस्टिममध्ये बिघाड झाला म्हणायचं," काकू म्हणाल्या. "सिस्टिमला पोटपाणी नसतं."

मग त्या खोलीत जे संभाषण सुरू झालं ते बाहेरून कुणी ऐकलं असतं तर त्याचा भलताच समज झाला असता. दोन सभ्य बायका परक्या माणसांना फोन करून एकच प्रश्न विचारत होत्या.

"नमस्कार सर. आपण झोपलात का?"

"कोण बोलतंय?"

"गादी कारखान्यातून. गादीवर झोपलात का, एवढंच विचारायचं होतं."

"अहो, भर दुपारी? मी कामावर आहे."

"घरात दुसरं कुणी झोपलंय का?"

"तुम्हाला काही माहिती आहे का?" त्या गृहस्थांनी एकदम बारीक आवाजात विचारलं. त्यांना सिस्टिमचा बिघाड समजावता समजावता एमबीएची पुरेवाट झाली, आणि तरीही फोन ठेवल्यावर ते तडक घरी गेले असणार असं तिला वाटत राहिलं.

वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी सरळ सांगितलं, की इथं गादी आली की मुली झोपतात, त्यात विचारायचं काय. एका घरी पाळण्यातल्या गादीऐवजी भलीमोठी गादी गेली होती. बाळ तिच्या मधोमध ठेवलं होतं, ते जन्मल्यापासून पहिल्यांदा सलग झोपलं होतं, आणि फोनवर बाळाची आई इतकं हळू बोलत होती की एमबीएलाही कुजबुजावं लागलं. "तुम्ही आत्ता गादी न्यायला माणूस पाठवलात," ती कुजबुजली, "तर मी त्याला जिन्यावरून ढकलीन." एमबीएनं त्या नावापुढे काही न लिहिता पुढचा फोन लावला.

ड्रायव्हरला रस्त्यातच गाठून पुन्हा सगळ्या घरी फिरायला सांगितलं. तो मधेच एकदा ऑफिसात टेकायला आला आणि काकूंसमोरच्या स्टुलावर बसून राहिला. "वर नेताना गादी वाकते काकू," तो म्हणाला, "खाली आणताना माणूस वाकतो." एवढंच बोलून तो पाणी पिऊन पुन्हा निघून गेला.

मुख्याध्यापकांना सोडवायला शेजारी आले, दार बिजागरीतून काढलं, अशी बातमी मग त्यांच्या पत्नीनंच फोनवर दिली. त्यांनी मुख्याध्यापकांच्या वेगळ्या खोलीत घालायला एक सिंगल कडक सांगितली होती. आता तिथं ही अवाढव्य डबल मऊ गादी येऊन पडली होती. एमबीएनं बिघाडाचं सगळं सांगून, संध्याकाळी माणूस येऊन बदलून देईल असं म्हटलं.

"नको," बाई म्हणाल्या.

"पण तुमची ऑर्डर..."

"ह्यांनी कॉट बाहेर काढलीय. पाठ टेकून बघतो म्हणाले आणि झोपले. बऱ्याच वर्षांनी घोरणं इतकं जवळून ऐकतेय." मग त्या म्हणाल्या, "तुमची सिस्टिम परत दुरुस्त झाली तरी आमचं नाव काढू नका."

नव्या जोडप्यासाठी शेडमध्ये दुसरी गादी शिवायला घातली. संध्याकाळपर्यंत बाकीच्या गाद्या बहुतेक आपापल्या घरी पोचल्या. व्यायामशाळेच्या मालकानं उशी परत द्यायला नकार दिला. काकूंनी कॅल्क्युलेटर बंद केला, पाय खुर्चीवर घेतले आणि डोळे मिटले. एमबीएचा कान फोननं तापून लाल झाला होता. आपल्या आवाजाची तिला इतकी शिसारी आली होती की मनातल्या मनातही काही बोलू नये असं वाटत होतं.

तेवढ्यात साहेब आले. काकूंनी त्यांना दारातच गाठून सिस्टिमचा बिघाड, धावपळ, पोरीनं दिवसभर जेवणसुद्धा न करता केलेले फोन, असं सगळं एका दमात सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि एमबीएला आत बोलावलं.

केबिनमध्ये टेबलावर पत्र तयार होतं. सही झालेली. साहेब प्रसन्न होते. व्याख्यानात त्यांना हेच सांगितलं होतं, की संकटात माणसाची पारख होते. सिस्टिम काय, कुणाचीही बिघडते. "नोकरी पक्की समज," ते म्हणाले आणि पत्र तिच्याकडे सरकवलं. तिनं हात पुढं केला.

"आणि एक. सोमवारपासून तू सगळ्यांना शिकवायचंस. काकूंना, शेडमधल्या मुकादमाला, सगळ्यांना. रोज थोडं थोडं."

"काय शिकवायचं, साहेब?"

"ते कालचंच घे पहिल्यांदा. नंबर ओळीनं लावायचं. फार सुंदर लावले होतेस."

एमबीएचा हात पत्रावर तसाच राहिला. सोमवारी काकू नंबर ओळीनं लावतील. मंगळवारी मुकादम लावेल. मग दर शुक्रवारी हातात फोन घेऊन कुणा परक्या माणसाला विचारायचं, की आपण झोपलात का. ताटातलं जास्तीचं वाढणं तिला आठवलं, आईचं न विचारणं आठवलं, आणि तरीही यातलं काहीही तिला त्या एका प्रश्नाइतकं जड वाटलं नाही. तिनं पत्र परत साहेबांकडे सरकवलं.

"साहेब, सिस्टिम बिघडली नव्हती," ती म्हणाली. आणि मग बसल्या जागेवरून, रडण्याइतकंही त्राण नसल्यामुळे अगदी सपाट आवाजात, तिनं सगळं सांगितलं. एकच कॉलम निवडला होता. बाकीचे सोबत नेऊ का असं कॉम्प्युटरनं विचारलं होतं. तिनं नको म्हटलं होतं. म्हणून नंबर सरकले आणि माणसं जागेवर राहिली. प्रत्येक वाक्याला साहेब मान डोलावत होते. तिचं बोलणं संपल्यावरही मान थोडा वेळ डोलत राहिली, मग थांबली.

"मी म्हणालो होतो, की बाकी कशाला हात लावू नकोस."

"हो साहेब."

"ते मी बरोबर म्हणालो होतो का?"

एमबीएनं उत्तर शोधून पाहिलं. सहा महिने जे हाताशी असायचं त्यातलं काहीच आज सापडेना. 'बघते' नाही, 'होऊन जाईल' नाही.

"नसेल, साहेब. पण नक्की सांगता यायचं नाही. मला तेवढं येत नाही."

साहेब उठले. केबिनचं दार त्यांनी आतून लावून घेतलं. मग आपली गुबगुबीत खुर्ची सोडून भिंतीकडची साधी खुर्ची ओढत तिच्या शेजारी आणून बसले आणि टेबलावरच्या कीबोर्डचं प्लास्टिक दोन्ही हातांनी काढलं. मध्ये ते पत्र आडवं येत होतं. ते त्यांनी उचललं आणि "हे धर," म्हणून तिच्या हातात दिलं.

"मलाही येत नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पहिल्यापासून सांग. कॉलम म्हणजे उभा की आडवा?"